झिरो-बावन्न-चौतीसचा विषारी भाऊ

द्राक्षबागायतदारासमोर 'झिरो बावन्न चौतीस' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. पिशवीत साखरेसारखी पांढरी पूड, टाकीत ओतून काठीनं ढवळली की विरघळलीच. ठिबकमधून सोडा, नाहीतर पंपात घालून फवारा. या विद्राव्य खताचं रसायनशास्त्रातलं नाव पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. आकड्यांचा अर्थ असा: नत्र शून्य, स्फुरद ५२ टक्के, पालाश ३४ टक्के. (हा हिशेब खतांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ऑक्साइडचा आहे. प्रत्यक्ष फॉस्फरस त्यात २३ टक्क्यांच्या आसपासच असतो. हे कळल्यावर दुकानदाराशी भांडू नये, पिशवीवरचा आकडा खरा आहे.)

आता अशी कल्पना करा की या पुडीतला फॉस्फरसचा प्रत्येक अणू अलगद उचलला आणि त्याच्या जागी आर्सेनिकचा अणू ठेवला. बाकी काही हलवलं नाही. पोटॅशियम जिथल्या तिथं, हायड्रोजन जिथल्या तिथं, ऑक्सिजनचे चारही अणू आपापल्या कोपऱ्यात. हाती येईल ते पोटॅशियम डायहायड्रोजन आर्सेनेट. तेही पांढरं, तेही बिनवासाचं, तेही पाण्यात चटकन विरघळणारं. स्फटिक पडू दिले तर त्यांचा आकारसुद्धा तोच. पण खताच्या १०० ग्रॅममध्ये झाडाचं अन्न असतं, तर याच्या १०० ग्रॅममध्ये जवळपास ४२ ग्रॅम आर्सेनिक.

या क्षाराचे गुणधर्म आणि उपयोग सांगायचे म्हणजे खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे: तो फॉस्फेटची किती हुबेहूब नक्कल करतो, आणि ती नक्कल कुठं उघडी पडते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. आर्सेनिक मराठीला नवं नाही. सोमल म्हणजे आर्सेनिकचं पांढरं ऑक्साइड. हरताळ आणि मनशीळ ही त्याची गंधकाबरोबरची खनिजं, एक पिवळं, एक तांबडं. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप फासत, त्यावरूनच 'हरताळ फासणे' आलं. पण सोमल म्हणजे आर्सेनेट नव्हे. सोमलात आर्सेनिकनं तीन इलेक्ट्रॉन देऊ केलेले असतात, आर्सेनेटमध्ये पाच. सोमलापासून होणाऱ्या क्षारांना आर्सेनाइट म्हणतात. 'आइट' आणि 'एट' हा शेवटच्या अक्षरांचा फरक किरकोळ वाटतो, पण पुढं तो महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून इथंच लक्षात ठेवा.

फॉस्फरस आणि आर्सेनिक मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक बसतात. दोघांच्याही बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन. त्यामुळे ऑक्सिजनशी दोघंही सारख्याच पद्धतीनं संसार थाटतात: मधे स्वतः आणि भोवती चार ऑक्सिजन, तिकोनी पायाच्या पिरॅमिडच्या चार टोकांवर बसावेत तसे. फॉस्फेटमध्ये मधल्या अणूपासून ऑक्सिजनचं अंतर सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम असतं, आर्सेनेटमध्ये सुमारे १.६८. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, तेव्हा फरक किती सूक्ष्म आहे ते पाहा. पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन सोडण्याची दोघांची तयारीही जवळपास सारखी. आपल्या शरीरातल्या पाण्याच्या सामूला (म्हणजे पीएचला) दोघांवरचा विद्युतभारही सारखाच राहतो. वजनात मात्र फरक पडतो. आर्सेनिकचा अणू फॉस्फरसच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून खताची घनता पाण्याच्या २.३४ पट आणि आर्सेनेटची २.८७ पट. हे वजन शेवटी कामाला येणार आहे.

हा क्षार पहिल्यांदा हाताळला तो पॅरिसच्या प्येर माकेर यानं, १७४०च्या दशकात. सोरा आणि सोमल एकत्र तापवल्यावर भांड्याच्या तळाशी एक विरघळणारा, छान स्फटिक देणारा क्षार उरतो असं त्याला दिसलं. आत नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यातलं आम्ल वेगळं काढलं ते १७७५ साली स्वीडनच्या शेले यानं.

पण या क्षाराला रसायनशास्त्राच्या इतिहासात जागा मिळवून दिली ती एका भलत्याच माणसानं. आयलहार्ट मिचरलिख हा जर्मन तरुण फारसी शिकत होता. नेपोलियनच्या वकिलातीबरोबर इराणला जायचं त्याच्या मनात होतं. नेपोलियन पडला, वकिलात बारगळली. मग वैद्य म्हणून तरी पूर्वेकडे जाता येईल या हिशेबानं तो वैद्यक शिकू लागला, आणि तिथून रसायनशास्त्रात घसरला तो कायमचाच. १८१८-१९ साली बर्लिनमध्ये तो फॉस्फेट आणि आर्सेनेट क्षारांचे स्फटिक तयार करत बसला होता. दोन्ही जातींचे स्फटिक त्याला इतके सारखे दिसले की नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवणं त्याला बरं वाटेना. मित्र गुस्टाफ रोझकडून त्यानं स्फटिकांचे कोन मोजायचं तंत्र शिकून घेतलं आणि मोजलं. कोन जुळले.

आज यात विशेष वाटत नाही, पण त्या काळी ही जवळजवळ पाखंडी गोष्ट होती. स्फटिकशास्त्रातला तेव्हाचा सर्वात मोठा अधिकारी, फ्रान्सचा आयुई, असं मानायचा की प्रत्येक पदार्थाला त्याचा स्वतःचा स्फटिक असतो, जसा माणसाला चेहरा. वेगळा पदार्थ, वेगळा चेहरा. मिचरलिख म्हणाला, तसं नाही. अणू कुठले आहेत यापेक्षा किती आहेत आणि कसे मांडले आहेत यावर आकार ठरतो. एक अणू काढून त्याच घडणीचा दुसरा बसवला तर चेहरा तोच राहू शकतो. १८१९च्या डिसेंबरात त्यानं हे बर्लिनच्या अकादमीपुढं मांडलं. याला समरूपतेचा नियम म्हणतात. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं पुढं अणुभारांचे आकडे दुरुस्त करताना या नियमाचा आधार घेतला. म्हणजे आज शाळेच्या पुस्तकात मूलद्रव्यांच्या वजनांचा जो तक्ता असतो, त्याच्या पायात एका विषाच्या आणि एका खताच्या स्फटिकांची तुलना आहे.

खाणींतही हेच घडतं. शिशाचं एक फॉस्फेट खनिज आहे, आणि अगदी त्याच्यासारखं दिसणारं आर्सेनेट खनिज. दुसऱ्याचं नाव मिमेटाइट, ग्रीक भाषेत 'नकल्या' असा अर्थ होणाऱ्या शब्दावरून. नाव ठेवणाऱ्यानं एका शब्दात सगळा लेख आटोपला, असं म्हणायला हरकत नाही.

दिसण्यापुरती नक्कल असती तर प्रश्न नव्हता. कामातही ती चालते हे कापड छापणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आलं. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून आधी तुरटीचा किंवा लोखंडाचा रंगबंधक छापत. मग ज्यादा रंगबंधक निघून जावा आणि उरलेला धाग्यात घट्ट बसावा यासाठी ते कापड शेणाच्या कोमट पाण्यातून काढत. शेणातलं फॉस्फेट त्यात कामाला येई. १९व्या शतकात इंग्लंडच्या छापखान्यांना एवढं शेण सांभाळणं नकोसं झालं, तेव्हा 'शेणाचा पर्याय' म्हणून क्षार विकले जाऊ लागले. त्यांत सोडियम फॉस्फेट होतं, तसंच सोडियम आर्सेनेटही. काम दोघंही सारखंच करत. फरक एवढाच की वापरून झालेलं पाणी शेजारच्या नदीत जाई, आणि शेणानं नदीचं जे झालं नसतं ते याच्यामुळं होई.

घरातही आर्सेनिकचे क्षार होतेच. माशा मारण्यासाठी त्यांत भिजवलेले कागद मिळत. बशीत पाणी घालून कागद ठेवायचा, माशी पाणी प्यायला येते आणि संपते. १८८९ साली लिव्हरपूलच्या फ्लोरेन्स मेब्रिक या बाईवर नवऱ्याला विष दिल्याचा खटला चालला, तो या कागदांवरूनच गाजला. तिनं ते भिजवून ठेवलेले नोकरांनी पाहिले होते. चेहऱ्याला लावायचं औषध करत होते, असं तिचं म्हणणं. नवऱ्याला स्वतःलाच आर्सेनिकयुक्त औषधं घ्यायची सवय होती, हेही पुढं आलं. फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि ती १९०४ साली सुटली. खरं काय घडलं यावर आजही वाद घालणारे आहेत.

आता मुख्य प्रश्न. हे विष नेमकं करतं काय?

गावात बहुरूपी येतो तेव्हा कधी तो फौजदार होऊन येतो. टोपी, पट्टा, दंडुका, सगळं यथासांग. दारात उभा राहून 'चला चौकीवर' म्हणाला की क्षणभर घरातला माणूस गडबडतो आणि दार उघडतो. आर्सेनेटचं तसंच आहे. प्रत्येक पेशीला फॉस्फेट लागतं, त्यामुळे तिच्या भिंतीत फॉस्फेटला आत घ्यायचे दरवाजे असतात. आर्सेनेट त्याच दारानं आत येतं. जबरदस्ती करावी लागत नाही, पेशीच त्याला ओढून घेते. गावातला बहुरूपी बक्षिसी घेऊन हसत निघून जातो. हा आत राहतो आणि कामाला लागतो.

पेशी साखर फोडून ऊर्जा काढते, त्या व्यवहाराचा हिशेब सोपा आहे. ग्लुकोजच्या एका रेणूमागं पेशी आधी एटीपीचे दोन रेणू खर्च करते आणि नंतर चार कमावते. एटीपी म्हणजे पेशीतलं रोख चलन. निव्वळ फायदा दोन. या चारांपैकी दोन एका ठरावीक पायरीवर मिळतात. तिथं साखरेच्या तुकड्याला एक फॉस्फेट चिकटवलं जातं आणि पुढच्याच पायरीला ते काढून त्यातून एटीपी बनतो. या जागी आर्सेनेट असेल तर तेही चिकटतं. जोड मात्र इतका कच्चा की पाणी लागताच सुटतो. साखरेचा तुकडा पुढं सरकतो, पुढच्या पायऱ्या सुरळीत चालतात, पण ते दोन एटीपी मिळत नाहीत. चारातले दोन गेले, दोन आधीच खर्चलेले. नफा शून्य. कारखाना धडधडत चालू, मालाची ये-जा चालू, आणि दिवसाअखेर गल्ल्यात दमडी नाही.

कारखाना बंद पडत नाही ही यातली विलक्षण गोष्ट, आणि ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांच्या नजरेस आली होती. यीस्टच्या रसात साखर आंबवताना फॉस्फेट घातलं की आंबणं जोरात सुरू होई, पण फॉस्फेट साखरेशी बांधलं गेलं की वेग उतरे. आर्सेनेट घातलं तर वेग वाढे आणि वाढलेलाच राही. कारण ते बांधलं जाऊन टिकतच नव्हतं. सुटायचं, पुन्हा चिकटायचं, पुन्हा सुटायचं. साखर जळतेय धडाधड, हाती काही नाही. हार्डन यांना पुढं १९२९ साली आंबवण्याच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं.

माणसाच्या शरीरात एवढ्यावर थांबत नाही. आत गेलेल्या आर्सेनेटचं बऱ्याच प्रमाणात आर्सेनाइट होतं, म्हणजे 'एट'चं 'आइट'. आर्सेनाइट नक्कल वगैरे करत नाही. ते प्रथिनांतल्या गंधकाला सरळ जाऊन चिकटतं आणि अनेक विकरं (एन्झाइम) बंद पाडतं. विषारीपणात ते आर्सेनेटच्या वरचढ आहे. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड होतात, आणि त्वचा, फुप्फुस, मूत्राशय यांचे कर्करोग होऊ शकतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरमागं १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे ती यासाठीच.

मग फॉस्फेटऐवजी आर्सेनेटवरच जगणारा एखादा जीव असू शकेल का? २०१०च्या डिसेंबरात अमेरिकेच्या नासानं पत्रकार परिषद घेऊन जवळपास तसं जाहीरच केलं. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरात आर्सेनिक भरपूर असतं. तिथून आणलेला 'जीएफएजे-१' नावाचा जीवाणू आपल्या डीएनएत फॉस्फेटच्या जागी आर्सेनेट बसवतो, असा दावा होता. (नावाची फोड 'गिव्ह फेलिसा अ जॉब', म्हणजे फेलिसाला नोकरी द्या. फेलिसा वुल्फ-सायमन या त्या संशोधनाच्या प्रमुख लेखिका.) शाळेच्या पुस्तकातला जीवशास्त्राचा पाया हलला, अशी हवा झाली.

जाणकारांनी मात्र सुरुवातीलाच भुवया उंचावल्या, आणि कारण आपण वर पाहिलं तेच: कच्चा जोड. डीएनएतला फॉस्फेटचा एक सांधा साध्या पाण्यात आपोआप सुटायला कोट्यवधी वर्षं लागतील असा अंदाज आहे. तोच सांधा आर्सेनेटचा असेल तर सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही टिकणार नाही. अशा सांध्यांवर वंशपरंपरा कशी चालायची? २०१२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी तपासून सांगितलं की हा जीवाणू आर्सेनेट सहन करतो इतकंच, जगतो तो फॉस्फेटवरच. 'सायन्स' या नियतकालिकानं तो निबंध अखेर २०२५च्या जुलैत मागं घेतला. लेखकांना ते मान्य नाही.

त्याच जीवाणूनं एक खरी गोष्ट मात्र शिकवली. फॉस्फेट पकडणाऱ्या त्याच्या प्रथिनाचा आकार इतका अचूक असतो की त्या किंचित मोठ्या आर्सेनेटमुळं आतल्या एका हायड्रोजन बंधाचा कोन बिघडतो, आणि प्रथिन त्याला नाकारतं. म्हणजे वर सांगितलेला ०.१४ अँगस्ट्रॉमचा फरक निसर्गाला मोजता येतो. आर्सेनिकच्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर फौजदाराच्या टोपीखालचा चेहरा ओळखू येणारच.

माणसाच्या प्रयोगशाळेला तेवढं जमत नाही. माती परीक्षणात स्फुरद मोजायची नेहमीची रीत म्हणजे द्रावणात मॉलिब्डेटचं रसायन घालायचं आणि निळा रंग किती गडद येतो ते पाहायचं. आर्सेनेटही तसाच निळा रंग देतं. नमुन्यात आर्सेनेट असेल तर आधी त्याचं आर्सेनाइट करून घ्यावं लागतं, कारण आर्सेनाइट रंग देत नाही. नाहीतर विष स्फुरद म्हणून अहवालात छापून येईल.

भूजलाच्या बाबतीत गणित उलटं होतं. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात आर्सेनेट मातीतल्या लोखंडाच्या गंजाला धरून बसलेलं असतं. खोलवर, प्राणवायू नसलेल्या थरात जीवाणू तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं, पुष्कळसं आर्सेनाइट होऊन. गाळणीसाठी हे वाईट, कारण नेहमीच्या सामूला आर्सेनाइटवर भारच नसतो, ते गाळणीतून निसटतं. म्हणून पाणी शुद्ध करताना आधी हवेनं किंवा क्लोरीनसारख्या रसायनानं त्याचं पुन्हा आर्सेनेट करतात. त्याच्यावर ऋणभार असतो, ते लोखंडाच्या गंजाला पकडलं जातं. फॉस्फेटही त्याच गंजावर बसायला धडपडत असतं, त्यामुळे पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर गाळणी लवकर थकते.

लाकूड टिकवण्याच्या कामात आर्सेनेटचा सर्वात मोठा वापर झाला, आणि त्याचं मूळ भारतात आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. 'ॲस्कू' हे त्याचं नाव, आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक चिन्हांवरून. दाबाखाली लाकडात मुरवलं की क्रोमियम आर्सेनेटला लाकडातच जखडून ठेवतं. बुरशीला तांबं नडतं, वाळवीला आर्सेनिक. जगभर विजेचे खांब, कुंपणं, घरांचे ओटे या लाकडाचे झाले. ते थोडं थोडं झिरपतं हे दिसल्यावर अमेरिकेत २००३ अखेर घरगुती कामांसाठी ते बंद झालं. फ्लोरिडात अशाच एका जुन्या जागेवर शास्त्रज्ञांना एक नेचा सापडला, जो फॉस्फेटच्या दारानं आर्सेनेट आत घेतो आणि पानांत साठवूनही हिरवागार राहतो.

आणि आज? शेतीतून, घरातून, कापडगिरणीतून हा क्षार गेला. उरला तो मुख्यतः भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आणि तिथंही भावाच्याच पावलावर पाऊल टाकून. १९३५ साली झुरिकमध्ये बुश आणि शेरर यांना दिसलं की आपलं झिरो-बावन्न-चौतीस उणे १५० अंशांच्या आसपास थंड केलं की स्फटिकाचं एक टोक धन आणि दुसरं ऋण होतं. आतले हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या मधे इकडं-तिकडं करत असतात, ते थंडीत एकदम एका बाजूला कलतात. पोटॅशियम आर्सेनेटही हेच करतं, फक्त आणखी थंडीत, उणे १७६ अंशांच्या सुमारास. याच जातीच्या स्फटिकांतून लेसरचा अदृश्य किरण सोडला तर त्याची कंपनसंख्या दुप्पट होऊन हिरवा उजेड बाहेर पडतो. त्यासाठी पोटॅशियमच्या जागी सीझियम असलेलं आर्सेनेट एकेकाळी पसंतीचं होतं. अडचण पाण्याची. हे स्फटिक हवेतला ओलावा शोषतात आणि त्यांचे गुळगुळीत केलेले पृष्ठभाग धुरकट होतात, म्हणून त्यांना बंद डबीत ठेवावं लागतं.

सध्या वापरात आहे तो त्यांचा एक चुलत भाऊ, टायटॅनियम घातलेला पोटॅशियम आर्सेनेट. तो पाण्यात विरघळत नाही. त्याचंही फॉस्फेट भावंड आहे आणि लेसरवाल्यांत ते जास्त प्रसिद्ध आहे. पण अवरक्त किरणांच्या ज्या टापूत लांबवरचे वायू ओळखण्याची उपकरणं चालतात, तिथं फॉस्फेटचा स्फटिक प्रकाश गिळायला लागतो, कारण त्यातला फॉस्फरस-ऑक्सिजनचा सांधा ज्या तालावर थरथरतो, त्याच्या पटीतला ताल नेमका तिथं पडतो. आर्सेनिक जड. झोक्यावर पोतं ठेवलं की झोका संथ होतो, तसा त्याचा ताल मंद पडतो, आणि तो टापू मोकळा राहतो. दोनशे वर्षांत आर्सेनेटला बहुतेक कामं मिळाली ती फॉस्फेटसारखं असल्यामुळं. हे एक मिळालं ते नसल्यामुळं.